पपईच्या देठाची नळी

मला पपई चालत नाही. घरात कुणी आणली की मी उठून बाहेर जाते, आणि सुना एकमेकींना सांगतात, आईंना वास सोसत नाही. वासाचं काही नाही हो. गोड लागते की पपई. पण ती बघितली की तिच्या पानाचा तो लांबलचक, आतून पोकळ देठ आठवतो आणि माझी मान खाली जाते. नातवंडं झाली तरी कान गरम होतात अजून.

पन्नासची सालं सरत आली होती तेव्हाची गोष्ट. मी आठवीत होते. पौड रस्त्याला लागून आमची मुलींची शाळा होती, कौलारू, पुढे पडवी. खालच्या वर्गांत पोरी भरपूर, पण सातवीनंतर एकेकीचं लग्न व्हायचं आणि बाक रिकामे पडत जायचे. माझीही बोलणी सुरू झाली होती. पुढच्या वर्षी मी शाळेत नसणार हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण मला कळत होतं. म्हणजे जे काय खेळायचं, शिकायचं, ते त्याच वर्षी.

शाळेमागे आमचंच भाताचं खाचर होतं. भात कापून झालं की वडील ते शाळेला खेळायला द्यायचे. आम्ही पोरी खुरप्यांनी धसकटं काढायचो, तरी एखादं राहायचंच आणि नेमकं धावताना पायात घुसायचं. हेच आमचं मैदान. त्या वर्षी तालुक्याचे मुलींचे हुतुतूचे सामने आमच्याच मैदानावर व्हायचे ठरले, आणि मी तर हवेतच होते. आमच्याच रानात सामने, आणि मी संघात!

शास्त्र आणि खेळ एकाच बाई शिकवायच्या. पुण्याहून नव्या आलेल्या, सकाळच्या एसटीनं यायच्या, अगदी स्वच्छ बोलायच्या. शास्त्राच्या कपाटात एक लोहचुंबक, थोड्या परीक्षानळ्या, एक रबरी नळी आणि हाडांच्या सापळ्याचं चित्र एवढाच ऐवज. त्याच कपाटात त्यांचा स्वतःचा पाण्याचा पेलाही असायचा, पालथा घातलेला. पण उत्साह केवढा! "मुलींनो, हुतुतू म्हणजे शास्त्रच आहे," त्या म्हणायच्या. आम्ही गालात हसायचो. आम्हाला हुतुतू म्हणजे हुतुतूच.

आमच्या संघाची कप्तान वेशीबाहेरच्या आळीतली होती. माझ्याहून थोडी मोठी, काटकुळी, हात गुडघ्यापर्यंत येतील एवढे लांब, आणि तोंड असं फटकळ की बाईसुद्धा तिला जपून बोलायच्या. तिचा दम तुटायचाच नाही. चढाईला गेली की सगळं खाचर फिरून, दोघींना शिवून, हुतुतू म्हणतच परत. बरं, लबाडीही करायची. मध्येच नाकानं हळूच श्वास ओढून घ्यायची. आम्हाला ठाऊक होतं, बाईंना नाही. वर्गात ती शेवटच्या बाकावर, कडेला बसायची. तिला तिथे बस असं कुणी सांगितलं नव्हतं आणि पुढे ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. मैदानावर मात्र साखळी धरताना तिचा हात माझ्या हातात असायचा. घरी गेल्यावर आंघोळ व्हायची, म्हणून खेळाला आईची हरकत नव्हती.

एके दिवशी बाईंनी दुकानातून गोळ्यांची रिकामी काचेची बरणी मागून आणली. बरणीच्या अंगावर कागदाची पट्टी चिकटवून खुणा केल्या, ती पाण्यानं भरून पाण्याच्या घमेल्यात पालथी घातली आणि तोंडातून आत रबरी नळी सरकवली. "छातीत हवा भरून घ्या आणि एका दमात फुंका. जेवढी हवा, तेवढं पाणी खाली येईल. कुणाचा दम किती ते बघू." पहिली अर्थात कप्तान. तिनं फुंकायला सुरुवात केली ती थांबेचना! पाणी उतरत उतरत खुणा संपल्या आणि बरणीच्या तोंडातून भसाभसा बुडबुडे आले. आम्ही बाकांवर हात आपटले. बाईंनी नळीचं टोक परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात बुडवलं, पुसलं आणि माझ्या हातात दिलं. मीही फुंकली. माझं पाणी अर्ध्याच्या थोडं खाली गेलं, आणि कप्तान म्हणाली, "बरं हाय, चार म्हशी वळायपुरता दम हाय." केवढे हसलो आम्ही.

माझं तोंड कधी बंद राहिलंय? रात्री जेवताना सगळं सांगितलं, बरणीसकट, बुडबुड्यांसकट. वडील हसले. आई भाकरी थापत होती, तिचे हात थांबले.

"कुनाच्या मागनं फुंकलीस?"

मी सांगितलं. सांगताना मला वाटलंच नाही की यात लपवण्यासारखं काही आहे.

आई ओरडली नाही, मारलं नाही. चुळा भरायला लावल्या, भरपूर, आणि मग म्हणाली, "उंद्या म्या येते साळंत." मी म्हटलं, "आये, नगं." तिनं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी शास्त्राच्या तासाला ती आलीच. डोक्यावरून पदर, हातात पपईच्या देठांची मोळी. आमच्या न्हाणीच्या पाण्यावर पपया वाढलेल्या होत्या, त्यांच्या पानांचे देठ कापून, दोन्ही टोकं सारखी करून, धुऊन आणलेले. आई दारात उभी राहिली नाही, सरळ आत आली. बाईंना म्हणाली, "शिकवा की. म्या कुटं न्हाई म्हंते? पर ज्याची त्याची नळी येगळी पायजे. समद्यास्नी आनल्यात."

बाई समजावायला लागल्या, औषधाच्या पाण्यानं जंतू मरतात, भीतीचं कारण नाही.

"जंतू मरत असतील वो बाई," आई म्हणाली, "पर उष्टं कशानं मरतंय?"

बाई चष्मा पुसत राहिल्या. आणि आईनं देठ वाटायला घेतले, देवळात प्रसाद वाटावा तसे. एकेकीच्या हातावर ठेवत पुढे, "घे बाळ, घे," करत. शेवटच्या बाकापाशी आली. कप्तान उभी राहिली, तिनं ओंजळ पुढे केली. आणि आईनं देठ वरून सोडला. ठेवला नाही, सोडला. तो कप्तानच्या बोटांवर आपटून खाली पडला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं मला. सगळा वर्ग बघत होता. कप्ताननं वाकून देठ उचलला, आईकडे बघत त्याचे कटकन दोन तुकडे केले, खिडकीत ठेवले आणि खाली बसली. आई मात्र समाधानानं बाहेर गेली. तिला वाटत होतं तिनं किती चांगलं केलं, कप्तानलासुद्धा दिला की! जाताना माझ्याकडे बघून हसली. ती माझी आई होती, आणि मी तिच्याकडे पाठ फिरवली.

बाईंना वाटलं, प्रश्न सुटला. उलट त्या म्हणाल्या, ज्याची त्याची नळी हे आरोग्याला चांगलंच. त्यानंतर आम्ही सगळ्या रबरी नळीला आपापला देठ जोडून फुंकत होतो. कप्तान फुंकत नव्हती. "माझा दम मला ठावं हाय," म्हणाली. आणि संध्याकाळी मैदानावरही आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वर्गात यायची, कडेला बसायची, घंटा झाली की दप्तर उचलून घरी.

ती नसली तर संघच नव्हता. वरच्या वर्गात खेळण्याजोग्या आम्ही मोजून सात जणी, एक कमी म्हणजे सामना नाही. बाईंनी तिला दोनदा बोलावलं, ती मान हलवून निघून गेली. पोरी माझ्याशी तुटक वागायला लागल्या. एक म्हणाली, "तुज्या आईला म्हनावं, आता तूच खेळ ये." खरंच होतं. माझं ते एकुलतं एक वर्ष पपईच्या देठापायी मातीत चाललं होतं.

शेवटी एका रविवारी मी कुणाला न सांगता तिच्या घरी गेले. त्या आळीत मी त्याआधी कधी पाय ठेवला नव्हता. शाळेपासून ती हाकेच्या अंतरावर होती, पण आमच्या वाटा तिकडून जातच नसत. घर एवढंसं, पण सारवलेलं असं की पाय ठेवायला लाजावं. भिंतीवर देवांच्या जागी हार घातलेली एक नवी तसबीर. फळीवर भांडी ओळीनं मांडलेली, लखलखीत. कप्तान दारात तांदूळ पाखडत होती.

"का गं, वाट चुकलीस?"

"खेळायला ये ना," मी म्हटलं. वाटेत केवढं काय काय पाठ केलं होतं, सगळं विसरले.

"तुज्या आईला इचारलंस? हुतुतूत अंगाला अंग लागतंया. मला पकडताना काय करशील, चिमट्यानं धरशील?"

ती सूप आपटत राहिली. मग मला काय सुचलं कोण जाणे. मला वाटलं, आता असं काहीतरी करावं की आईनं केलेलं सगळं पुसून जाईल. मी मोठ्या आवाजात म्हटलं, "मला पाणी दे. मी तुमच्या हातचं पिते."

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग उठून आतून तांब्या भरून आणला. पितळेचा, सोन्यासारखा घासलेला. मी ओंजळ केली नाही. तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि सरळ तोंडाला लावला. घटाघटा प्यायले. ओठ काठाला चांगले टेकवून, तिला दिसेल असे. पिऊन झाल्यावर तांब्या खाली घेतला आणि तिच्याकडे बघितलं. काय अपेक्षा होती माझी? तिनं मला मिठी मारावी?

आतून तिची आई धावत आली. "अगं अगं अगं! तांब्याला तोंड लावलंस व्हय? प्यायच्या पान्याचा तांब्या त्यो!"

कप्ताननं माझ्या हातातून तांब्या काढून घेतला. उरलेलं पाणी अंगणात ओतलं. चुलीतली राख आणली आणि माझ्यासमोर, दारात बसून, तो घासायला लागली. काठ तर चारदा घासला. शेजारच्या दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या.

"आमच्यात तांब्याला तोंड लावत न्हाईत," ती म्हणाली. "तुमच्यात लावत्यात?"

"न्हाई," मी म्हटलं.

"मंग? आमच्यात चालतंय असं वाटलं तुला?"

तेच वाटलं होतं. तेच! या घरातही कुणाला उष्टं चालत नसेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी उपकार करायला गेले होते. मी तिथेच भोकाड पसरलं, नाक, डोळे, सगळं वाहायला लागलं. तिची आई बिचारी घाबरली, "असूं दे गं पोरी, लेकरू हाईस," म्हणाली. कप्तान मात्र माझ्याकडे बघत होती आणि हळूहळू तिला हसू फुटलं. ते आवरेचना. राखेचा हात तोंडावर धरून हसली.

"लईच येडी हाईस," ती म्हणाली. "रडू नगं. उंद्या येते मैदानावर. तुज्यासाठी न्हाई. उरवड्याच्या साळंच्या पोरी म्हंत्यात आमचा दम मोठा, त्यास्नी दावायचाय."

घरी आल्यावर माझं तोंड पुन्हा उघडलंच. आईला सांगितलं, त्यांच्याकडे गेले, पाणी प्यायले. तांब्याला तोंड लावून. आईनं फाडकन कानाखाली दिली. "दुसऱ्याच्या तांब्याला त्वांड लावतंय व्हय कुनी? काय म्हनली असंल ती बाई? हिच्या आयेनं हिला काय वळनच लावलं न्हाई!" मी गालावर हात ठेवून बघतच राहिले. पाणी कुणाच्या हातचं प्यायले याबद्दल आधी चकार शब्द नाही, लाज कसली तर वळणाची! मग न्हाणीत बसवून डोक्यावरून घागर ओतली, ते वेगळंच.

सामन्यांच्या दिवशी आमचं खाचर माणसांनी फुललं होतं. बांधावर बाया, पोरंटोरं, दुसऱ्या शाळांच्या पोरी. पलीकडच्या बांधाला जरा लांब कप्तानची आई बसली होती. आम्ही परकर घट्ट खोचले. उरवड्याच्या पोरी दणकट होत्या, पहिल्या डावात आमच्या बरोबरीनं खेळल्या. मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या घशाला कोरड पडली, तेव्हा आई घागर आणि आमचा तांब्या घेऊन मैदानात आली. रान आमचं होतं ना, पाणी पाजायचा मान तिचा. पोरी ओळीनं आल्या, ओंजळी धरल्या. आई टीचभर वरून धार धरत होती, एक थेंब सांडत नव्हता.

कप्तानची पाळी आली. तिनं ओंजळ धरली, आणि तांब्या वर गेला. आईच्या खांद्याइतका. धार तिच्या मनगटांवर, कोपरांवर, पायांवर पडायला लागली, ओंजळीत जेमतेम चूळभर. मी तिच्या मागेच उभी होते. मला सगळं दिसत होतं.

"काकू," कप्तान म्हणाली, मैदानावर मला "सरक" म्हणायची तितक्याच सरळ आवाजात, "पानी समदं भुईवर चाललंय. तांब्या खाली घ्या की जरा."

आईनं पोरींकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि मग पलीकडच्या बांधाकडे. कप्तानची आई उठून उभी राहिली होती. आईनं तांब्या खाली घेतला. आणखी खाली. काठ कप्तानच्या बोटांना टेकायचा तेवढा राहिला. कप्तान पोटभर प्यायली, बास म्हणाली, आणि खांद्याला तोंड पुसून रेघेकडे गेली. माझा ऊर असा भरून आला! मला आईचा अभिमान वाटला. वाटलं, संपलं, मिटलं सगळं.

दुसऱ्या डावात कप्ताननं एकाच चढाईत तिघींना शिवलं, आणि चौथीनं तिचा पाय धरला, तरी ती फरपटत, हुतुतू म्हणत रेघेपर्यंत आली. आम्ही जिंकलो. बाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. कप्ताननं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पडता पडता राहिले. आयुष्यात मी कधी एवढी खूष झाले नाही, अगदी लग्नातसुद्धा नाही.

संध्याकाळी घरी आले. आई चुलीपुढे बसली होती. तांब्या न्हाणीपाशी, वेगळा ठेवलेला होता.

"त्यो राख लावून घासून आन," ती म्हणाली.

"का? कुनी तोंड न्हाई लावलं त्याला."

आई चुलीत बघत होती. मग म्हणाली, "तुजा काय भरवसा? तूच लावलं असशील."

मी लावलं नव्हतं. तिनं बघितलं होतं की मी ओंजळीनं प्यायले. ती मान वर करून माझ्याकडे बघेल म्हणून मी उभी राहिले. तिनं बघितलं नाही. जळण पुढे सारत राहिली.

मी तांब्या उचलला, मूठभर राख घेतली. कप्ताननं माझं उष्टं घासलं होतं ते भर दुपारी, दारात बसून, सगळ्या आळीदेखत. मी न्हाणीच्या मागे गेले, पपयांच्या आड. बांधावरून कुणी बघत नाही ना, हे नीट बघून घेतलं, आणि मग घासायला बसले.